मेजावरचे सरनाईकसाहेब

"चहा उपलब्ध करून देण्यात यावा, ही विनंती."

जोडपाटीतून हा आवाज आला तेव्हा हेमांगी सरनाईक स्वयंपाकघरात आलं किसत होत्या. किसणी तशीच ओट्यावर टाकून त्या बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहून हसू लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. पलंगावर उशांना टेकून त्यांचे यजमान उदयराव बसले होते. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटत नव्हता, डावा हात तेवढा समोरच्या कळफलकावर ठेवलेला. त्यांच्या वतीनं यंत्रानं चहा मागितला होता, आणि तोही अस्सल जलसंपदा खात्याच्या भाषेत.

"मंजूर की हो," हेमांगीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आल्यासकट मंजूर."

आजारपण आल्यापासून कराडच्या त्या घरात कोणी पहिल्यांदाच हसत होतं.

जोडपाटी हे नाव काही कंपनीनं दिलेलं नव्हतं. कंपनीचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. पाटीसारखा एक पडदा आणि त्याला चुंबकानं चिकटणारा कळफलक. कळफलक जोडला की तो टेबलावरचा संगणक, काढला की मांडीवर घ्यायची पाटी. असली यंत्रं पूर्वीही होती, पण ती फक्त पडद्याची मांडणी बदलायची. पाटी झाली की चित्रं मोठी, मेज झालं की अक्षरं बारीक, एवढंच.

पुढं संशोधकांच्या लक्षात आलं की पडद्याआधी माणूसच बदलतो. टेबलाशी ताठ बसलेला माणूस एका तऱ्हेनं लिहितो, आणि तोच माणूस पाय पसरून, पाटी मांडीवर घेऊन बसला की त्याचे शब्द वेगळे, चुका वेगळ्या, थट्टाही वेगळी. म्हणून नव्या जोडपाटीत दोन वेगळ्या स्मृती ठेवल्या गेल्या. मेजावर जे शिकायचं ते मेजापाशी, मांडीवरचं ते मांडीपाशी. कचेरीतलं काम घरगुती गोष्टींत मिसळू नये म्हणून सरकारनंही तसा नियमच केला होता. एका घराच्या दोन खोल्या आणि मधल्या दाराला कुलूप, असा तो प्रकार होता. कळफलक जोडणं आणि काढणं हीच त्या कुलपाची किल्ली.

उदयरावांनी नोकरीची शेवटची बरीच वर्षं या यंत्रावर काढली. मेजावर ते उपअभियंता सरनाईक असत. टिपण्या, प्रस्ताव, खुलासे. संध्याकाळी घरी आले की कळफलक काढून ठेवत आणि पाटी मांडीवर घेऊन बोटानं रेघोट्या ओढत बसत. ते लिहीत मात्र नसत. त्यांना काही हवं असलं की ते मागायचेही नाहीत, काढायचे. लोणच्याच्या बरण्यांची मांडणी आधी मांडीवर आली, मग स्वयंपाकघरात. लेकीचा झोपाळाही तसाच. "तुझ्या बाबांना इच्छा झाली की तिचा नकाशा होतो," असं हेमांगीबाई मैथिलीला सांगायच्या. लग्न ठरवतानासुद्धा म्हणे त्यांनी होकार तोंडानं दिला नव्हता. चहाच्या बशीखालच्या कागदावर दोन खोल्यांचं घर काढून दाखवलं होतं.

मग निवृत्ती झाली, आणि वर्षभरात मेंदूच्या डाव्या बाजूत रक्ताची गुठळी अडकली. ऐकलेलं सगळं त्यांना समजायचं, पण मनातला शब्द ओठापर्यंत येईना. मान हलवायला सांगावं तर 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल व्हायची. पाणी हवं का विचारलं की मान 'नाही' म्हणायची आणि हात पेल्याकडे जायचा. वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर नाझनीन मुल्ला तरुण होत्या, पण माणसाकडे नीट बघायच्या. त्यांनीच जुन्या जोडपाटीचा विषय काढला.

"काकू, बोट कळ दाबायच्या आधी स्नायूत बारीकशी थरथर होते," त्यांनी समजावलं होतं. "हा कळफलक ती ओळखतो. शब्दाचा एवढासा कोंब दिसला की बाकीचं वाक्य यंत्र पुरं करतं. आणि हे यंत्र काकांना इतकी वर्षं ओळखतंय. मेजावरची स्मृती भरपूर आहे, ती वापरू या."

तर अशी वाचा परत आली. औषध उपलब्ध झालं, उशीची उंची कमी करण्याबाबत निर्देश आले, आणि शेजारचे लोक बघायला आले तेव्हा "आपल्या भेटीबद्दल आभारी आहे" असं ऐकून चकित होऊन गेले. हेमांगीबाईंनी यंत्राला रोज पुसून जागच्या जागी ठेवायला सुरुवात केली.

हे जागच्या जागी प्रकरण जरा सांगायला हवं. हेमांगीबाईंची सगळी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली होती. उघडं भांडं, तिरकं झाकण, टेबलावर पडलेला चमचा त्यांना बघवत नसे. कळफलक सुटून पडलेली पाटी म्हणजे त्यांच्या लेखी झाकण नसलेलं दुधाचं पातेलं. दिसली की त्या उचलायच्या, पुसायच्या आणि खट्‌ करून जोडायच्या. त्यात त्यांना काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

एकदा न्हाणीघरातून उदयरावांना उठवताना हेमांगीबाईंच्या कमरेत उसण भरली. दोघंही तिथंच, ओल्या फरशीवर, शेजारच्या बाई येईपर्यंत बसून राहिले. ही बातमी पुण्याला मैथिलीला कळली आणि ती पुढच्याच बसनं आली. पोरगी बापावर गेलेली. रडली नाही, पाहणी केली. न्हाणीघराचं दार अरुंद, पलंग उंच, मागच्या परसात उतरायला तीन पायऱ्या. मग आईला समोर बसवून म्हणाली, "आई, हे असं नाही चालायचं. पुण्यात एक चांगलं शुश्रूषा-निवास आहे, माझ्या घरापासून जवळ. बाबांना तिथं ठेवू. तू माझ्याकडे राहा नाहीतर इथं राहा. पण तू पडलीस तर दोघांनाही कोण बघणार?"

"ते तुझ्या बाबांना विचार," हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांना मनातून खात्री होती की ते नाही म्हणतील.

मैथिलीनं बापाच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, शांतपणे, काही न लपवता. उदयराव लेकीकडे बघत राहिले. डावा हात कळफलकावर थरथरला आणि यंत्र बोललं:

"सदर प्रस्तावास माझी हरकत नाही. पुढील कार्यवाही व्हावी."

मैथिलीनं बापाचा हात धरला. तिलाही ते सोपं गेलं नाही. हेमांगीबाई मात्र स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागल्या. इतकी वर्षं एकत्र काढली आणि निरोप कसा, तर पुढील कार्यवाही व्हावी. राग धरावा तर माणूस आजारी, न धरावा तर जीव जळतो. रविवारी न्यायचं ठरलं आणि मैथिली पुण्याला परतली.

त्या आठवड्यात उदयरावांनी एक नवीनच खोड काढली. हेमांगीबाई खोलीतून बाहेर गेल्या की कळफलक धाडकन खाली पडे. येऊन बघावं तर पाटी मांडीवर, आणि डाव्या हाताचं बोट तिच्यावर वाकड्यातिकड्या रेघा ओढतंय. एक आडवी रेघ, तिला लागून तिरकी उतरती रेघ, खाली पुन्हा आडवी. हेमांगीबाईंनी असल्या रेघा आयुष्यभर पाहिल्या होत्या. कालव्याचा छेद. यांना कचेरीची आठवण येतेय, असं त्यांना वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण बायकोची आठवण येण्याऐवजी कालव्याची यावी हे बरं दिसत नव्हतं.

त्या कळफलक उचलायच्या, पुसायच्या आणि खट्‌ करून जोडायच्या. रेघा नाहीशा व्हायच्या. मेज उघडायचं. उदयरावांच्या घशातून एक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि यंत्र म्हणायचं, "सहकार्याबद्दल आभारी आहे."

शनिवारी सकाळी हेमांगीबाई बॅग भरायला बसल्या. बंड्या, सदरे, दाढीचं सामान. प्रत्येक सदऱ्याची घडी घालताना हात रेंगाळत होता. तेवढ्यात पुन्हा धाडकन आवाज झाला. या वेळी कळफलक पार कपाटाखाली गेला होता.

"अहो, काय चाललंय तुमचं?" त्या ओरडल्याच. "माझी कंबर मोडलीय, वाकता येत नाही, ते दिसत नाही तुम्हाला? जायचंय ना उद्या? जा की मग खुशाल. पण जाईपर्यंत तरी नीट बसा."

उदयरावांचे डोळे भरून आले. ते पाहून हेमांगीबाईंचाही राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी केरसुणीनं कळफलक कपाटाखालून ओढून काढला, मटकन पलंगाच्या कडेवर बसल्या आणि सवयीनं तो पुसू लागल्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

दूध संघात रोज सकाळी पहिलं दूध तपासायच्या आधी एक काम असे. ज्या दुधात स्निग्धांश किती आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे, तसला एक नमुना यंत्रात घालायचा. यंत्रानं बरोबर आकडा दाखवला तर पुढचे कॅन आणायचे, नाहीतर यंत्र बंद. "यंत्र चुकत नाही म्हणणाऱ्याला आधी यंत्राजवळून उठवा," असं त्यांचे तिथले जुने साहेब म्हणायचे. सगळ्या जन्मात हेमांगीबाईंनी त्या नमुन्याशिवाय एकही दिवस यंत्र चालू केलं नव्हतं. आणि घरात, नवऱ्याच्या बाबतीत, एवढा मोठा आकडा त्यांनी तपासल्याशिवाय मान्य केला होता.

त्यांनी कळफलक खट्‌ करून जोडला. उदयरावांचा हात त्यावर ठेवला.

"अहो, ऐका. उद्यापासून तुम्हाला रोज दोन्ही वेळा कारल्याची भाजी द्यायचं म्हणते. चालेल?"

उदयरावांनी कारल्याला उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. सासुरवाडीला पहिल्या जेवणात वाढलेलं कारलं त्यांनी रुमालात बांधून खिशात घातलं होतं, आणि तो डाग सदऱ्यावरून कधी गेला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताही आठ्या पडल्या. बोटं थरथरली.

"सदर प्रस्तावास माझी हरकत नाही," यंत्र म्हणालं.

एका नमुन्यावर निर्णय द्यायचा नसतो, दुसरा घालायचा असतो.

"आणि मी आता सांगलीला भावाकडे जाते. कायमची. परत यायची नाही."

उदयरावांनी झटका बसल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं, आणि त्या हाताची करंगळी तेवढी कळफलकावर टेकलेली राहिली.

"योग्य ती कार्यवाही व्हावी," यंत्र म्हणालं.

"नाही जात हो, कुठं जात नाही मी," हेमांगीबाई रडत म्हणाल्या. "यंत्र बघत होते. तुम्हाला नाही, यंत्राला बघत होते."

त्यांनी लगेच डॉक्टर मुल्लांना फोन लावला आणि झाला प्रकार सांगितला.

"काकू, चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बोटाकडून खूण भरपूर आली तर यंत्र खुणेवर जातं. खूण अपुरी असली की सवयीवर जातं. म्हणजे माणूस जितकं कमी सांगू शकतो, तितकं यंत्र जास्त बोलतं. काका ऑफिसात वरिष्ठांना कधी 'नाही' लिहायचे का?"

"सरकारी नोकरीत वरिष्ठांना नाही लिहितं का कोणी?" हेमांगीबाई म्हणाल्या. "अगदीच पटलं नाही तर 'चर्चा करावी' म्हणायचं, आणि चर्चा वरच्यानं करायची असते."

"मग मेजावर त्या यंत्राला 'नाही' कुणी शिकवलेलंच नाही. आणि पाटीवर काय करतात ते?"

"पाटीवर कुठं काय. रेघा ओढतात. तिथं यंत्र काही बोलतच नाही."

"त्या खोलीत लिहिलेलं काही नाही, म्हणून ते गप्प आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काकू, ज्याला आपल्याबद्दल फारसं माहीत नाही, तोच नीट ऐकून घेतो कधीकधी. कळफलक काढून बघा."

हेमांगीबाईंनी कळफलक काढला. त्यांनी तो स्वतःहून काढण्याची ही पहिलीच वेळ. पडद्यावर आठवडाभराच्या सगळ्या रेघा तशाच होत्या, एकीवर एक. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "मी बघतेय. घाई नाही."

उदयरावांनी नवीन पान घेतलं. डावं बोट, कधी रेघ मारायची सवय नसलेलं. आडवी रेघ, तिरकी उतरती, पुन्हा आडवी. मग तिरक्या रेघेच्या वर थोड्या अंतरावर तिला समांतर दुसरी. कालव्याला असली रेघ नसते, एवढं अभियंत्याच्या बायकोला कळत होतं. मग त्यांनी तिरक्या रेघेच्या आत, पोटात, तीन पायऱ्या काढल्या. पायऱ्या बुजवून वरून केलेला उतार. वरची रेघ म्हणजे धरायचा कठडा. वरच्या टोकाला चौकट, तिच्यावर दाराची कडी, तीही डावीकडे, मागच्या दाराला आहे तशी. आणि खाली, उतार संपतो तिथं, मध्ये बारीक झालेलं डमरूसारखं काहीतरी. त्याच्या शेजारी आणखी एक आकार, दोन चाकं असलेला.

डमरूसारखा तो म्हणजे बसायचा वेताचा मोढा होता. मागच्या परसात हेमांगीबाई रोज संध्याकाळी त्या मोढ्यावर बसून भाजी निवडायच्या, आणि उदयराव पायरीवर बसून शेंगा सोलायला मदत करायचे, म्हणजे निम्म्या खायचे. आजारपण आल्यापासून त्या तीन पायऱ्या त्यांना ओलांडता आल्या नव्हत्या. आठवडाभर हा माणूस सांगत होता, मला परसात तुझ्याशेजारी यायचंय. आणि आठवडाभर त्या ते पुसून, खट्‌ करून, बंद करत होत्या.

"मला वाटलं कालवा काढताय," हेमांगीबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. उदयरावांचा डावा हात त्यांच्या पाठीवरून फिरत राहिला. बॅग तशीच अर्धवट भरलेली पडून राहिली.

रविवारी मैथिली गाडी घेऊन आली. आईनं तिला चित्र दाखवलं, कारल्याची गोष्ट सांगितली. मैथिली ऐकताना हसली, मग गंभीर झाली.

"आई, मला समजतंय. पण तुझ्या कमरेचं काय? उतार केला म्हणून बाबांना उचलावं लागायचं थोडंच थांबणार आहे? आणि एका चित्रावरून आपण एवढं ठरवायचं? कदाचित त्यांना दोन्ही वाटत असेल. तुला त्रास नको म्हणून जावं असंही वाटत असेल."

हे काही चूक नव्हतं. हेमांगीबाईंनाही रात्रभर तेच टोचत होतं. मेजावरचे सरनाईकसाहेब म्हणजे कुणी परका माणूस नव्हे. दुसऱ्याला अडचण नको म्हणून सगळ्याला हरकत नाही म्हणणारा, तोही त्यांचाच नवरा होता.

"तर मग त्यांनाच विचारू," त्या म्हणाल्या.

उदयराव ऐकत होते. त्यांनी डावा हात लांब करून कळफलक स्वतःच ओढला. मैथिली मदतीला पुढं झाली तशी हेमांगीबाईंनी तिला हातानं थांबवलं. कळफलक दोनदा तिरका बसला, तिसऱ्यांदा चिकटला. मेज उघडलं. त्यांचं बोट टेकताच पडद्यावर वाक्य आलं: सदर प्रस्तावास माझी हरकत नाही.

उदयरावांनी ते खोडलं. पुन्हा बोट टेकलं, पुन्हा तेच वाक्य आलं, पुन्हा त्यांनी खोडलं. कपाळावर घाम जमा झाला. मग त्यांनी एक कळ दाबली आणि बोट उचललंच नाही, सगळा जोर त्या एका कळेवर दिला. 'न' उमटला. यंत्रानं लगेच 'नम्र विनंती' असं पुढं केलं. त्यांनी 'म्र विनंती' पुसलं. पुढच्या अक्षराला इतका वेळ लागला की मैथिलीला बघवेना आणि ती खिडकीकडे वळली.

"नको," यंत्र म्हणालं.

त्या खोलीत त्या आवाजात हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. मैथिली वळली. बापानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या वाकड्या झालेल्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. ती जाऊन त्याच्या गळ्यात पडली आणि लहानपणीसुद्धा रडली नसेल इतकी रडली.

मग तिनं नाक पुसलं आणि आपल्या अटी सांगितल्या, कारण मुलगी शेवटी सरनाईकांची. दिवसा उचलायला-बसवायला एक बाई ठेवायच्या. न्हाणीघराचं दार रुंद करायचं. आईनं एकटीनं त्यांना उठवायचं नाही. उदयरावांनी या सगळ्याला हरकत नाही म्हटलं, आणि या वेळी यंत्रानं ते बरोबर सांगितलं.

गवंडी आला, त्यानं पायऱ्या बुजवायला घेतल्या. त्यानं आखलेला उतार उदयरावांना पटला नाही. पाटीवर त्यांनी तो खोडून जास्त लांब काढून दाखवला, आणि गवंड्यानं कुरकुरत पुन्हा दोरी धरली. यंत्राच्या मेजावरच्या खोलीतही बांधकाम चाललं होतं. तिथं एक नवा शब्द आला होता आणि यंत्राला तो इतका आवडला की ते ऊठसूट वापरू लागलं. चहा नको, औषध नको, आंघोळ नको. उदयराव खोडायचे, पुन्हा सांगायचे. हेमांगीबाई हसायच्या. पण प्रत्येक उत्तराला त्या आता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून घेत, आणि मगच कामाला लागत.

कठडा वाळला त्या दिवशी संध्याकाळी उदयराव पहिल्यांदा परसात उतरले. कामाच्या बाईंनी चाकाची खुर्ची धरली होती, त्यांचा डावा हात कठड्यावर होता. खाली मोढा होताच. हेमांगीबाईंनी मटाराच्या शेंगांची परडी दोघांच्या मध्ये ठेवली. बायकोनं सोलायच्या, नवऱ्यानं खायच्या, सगळं पूर्वीसारखं. कळफलक खुर्चीच्या हातावर एकीकडे होता, पाटी मांडीवर तिरकी पडली होती, आणि हेमांगीबाईंनी ती सरळ केली नाही.

ऊन गेलं. हवेत गारवा आला. हेमांगीबाईंनी शाल नवऱ्याच्या खांद्यावर ओढली आणि विचारलं, "फार वेळ झाला का हो? आत जायचं?"

उदयरावांनी कळफलक ओढून जोडला, आता एका झटक्यात बसायचा. त्यांचं बोट अजून कळेपर्यंत पोचलंही नव्हतं, तोच यंत्र म्हणालं,

"नको."

हेमांगीबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, खात्री करून घ्यायला.

"एवढं मात्र बरोबर ओळखलं मेल्यानं," त्या म्हणाल्या, आणि मोढा खुर्चीच्या आणखी जवळ सरकवून बसल्या.